संगतीची विद्या

दोन गवई एका बैठकींत आले कीं आमच्याकडील श्रोत्यांच्या मनांत पहिला प्रश्न उभा राहतो तो 'सरस कोण ?' हा. दोघांचें मिळून काय निष्पन्न झालें, हें सहसा कोणी विचारीत नाहीं. मैफल मोडल्यावर रस्त्यानें घरीं जातांना जो वाद रंगतो, तो दोन पैलवानांच्या कुस्तीवरून परततांना रंगणाऱ्या वादाहून फारसा निराळा नसतो.

१९२१ सालच्या जुलै महिन्याच्या ८ तारखेस मुंबईस बालीवाला नाटकगृहांत 'संगीत मानापमान' नाटकाचा जो संयुक्त प्रयोग झाला, त्याच्या वाट्यासहि हेंच आलें आहे. ललितकलादर्श मंडळीचे चालक केशवराव भोसले यांनीं त्यांत धैर्यधराची भूमिका केली आणि गंधर्व नाटक मंडळीचे बालगंधर्व हे भामिनी झाले. उत्पन्न टिळक स्वराज्य फंडास द्यावयाचें होतें. या गोष्टीस शंभरांवर वर्षें लोटलीं. तरी आजहि तिचा विषय निघाला कीं केशवराव चढ ठरले कीं बालगंधर्व, या जुन्याच वादास तोंड फुटतें. आम्हांस या वादांत शिरावयाचें नाहीं. आमचा प्रश्न निराळा आहे. एरवीं एकमेकांचा प्रेक्षक आपल्याकडे ओढूं पाहणाऱ्या दोन मंडळ्यांना एका रात्रीपुरतें एक होऊन नाटक गातां आलें, तें कोणत्या गुणांच्या बळावर ? ते गुण आमच्या रंगभूमीवर कोठून आले, आणि पुढें त्यांचें काय झालें ? या प्रश्नांचा विचार केल्यास त्या रात्रीचें खरें मोल समजेल, असें आम्हांस वाटतें.

आपल्या संगीतांत 'साथ' आणि 'संगत' हे दोन मोठे अर्थपूर्ण शब्द आहेत. प्रवासास निघालेल्या माणसाचा जो सोबती, तोच मैफलींतला साथीदार. आणि चांगल्या माणसाची जी संगत धरावी म्हणून वडील माणसें सांगतात, तोच शब्द सारंगियाच्या कामास लागू होतो. वाजविण्याच्या क्रियेपेक्षां बरोबर असण्याच्या वृत्तीस या शब्दांनीं अधिक महत्त्व दिलें आहे. परंतु व्यवहारांत त्यांचा अर्थ एकेरी झाला. साथ घेणारा तो मोठा आणि साथ करणारा तो धाकटा, अशी पंगत ठरून गेली. बैठकीपुरतें हें चाललें, कारण बैठकीचा धनी एकच असतो. जेथें दोन, तीन, चार माणसें सारख्याच हक्कानें गाणार, तेथें साथ कोणी कोणाची करावयाची, हा प्रश्न मराठी संगीत नाटकास जितक्या निकडीनें पडला, तितका तो बैठकीस कधीं पडला नाहीं.

या प्रश्नाचा इतिहास थोडक्यांत असा आहे. १८४३ सालीं सांगलीस विष्णुदास भावे यांनीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें, तेव्हां गाण्याचा सारा भार सूत्रधारावर होता. पदें म्हणावयाचीं त्यानें आणि त्याच्या मागें उभ्या असलेल्या साथीदारांनीं. पात्रांनीं त्यांच्या अनुरोधानें हावभाव करावे आणि आपापलीं भाषणें वेळच्या वेळीं रचून बोलावीं, असा तो प्रकार होता. गाणारा एक, म्हणून सूर एक आणि लय एक. तेथें भांडणास जागाच नव्हती.

ती जागा अण्णासाहेब किर्लोस्करांनीं निर्माण केली. ३१ ऑक्टोबर १८८० रोजीं पुण्यास 'संगीत शाकुंतला'चा प्रयोग झाला आणि त्यांत ज्याचें पद त्यानेंच म्हणावें, ही नवी चाल पडली. राजानें आपलें गाणें आपण गावें, शकुंतलेनें आपलें आपण गावें. एका सूत्रधाराच्या गळ्यांतून संगीत सुटलें आणि तें पात्रापात्रांत वांटलें गेलें. आज आम्हांस हें इतकें सहज वाटतें कीं त्यांतली अडचण ध्यानांतच येत नाहीं. मोरोबा वाघोलीकर, बाळकोबा नाटेकर आणि १८८२ सालीं मंडळींत आलेले भाऊराव कोल्हटकर हे तिघेहि गाणारे, आणि तिघांचे गळे तीन तऱ्हांचे. 'सौभद्रां'त मोरोबा अर्जुन आणि भाऊराव सुभद्रा. या दोघांनीं एकाच प्रवेशांत लागोपाठ गावयाचें, आणि तरीहि ऐकणाऱ्यास कथा एक वाटली पाहिजे ! हें जुळविणारा कोणी तरी लागतो. किर्लोस्कर मंडळींत तें काम खुद्द अण्णासाहेबांचें होतें. नाटकाचे कर्ते तेच, तालीममास्तर तेच आणि रंगभूमीवर सूत्रधारहि तेच.

अण्णासाहेबांनीं आणखी एक शहाणपण केलें, आणि त्याकडे आमच्या टीकाकारांचें लक्ष फारसें गेलेलें नाहीं. त्यांनीं आपल्या पदांसाठीं ज्या चाली घेतल्या, त्यांत साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत असल्या घरोघरच्या चालींचा मोठा भरणा होता; कांहीं कर्नाटकाकडच्या होत्या. साकी कोठें उचलावी आणि दिंडी कोठें सोडावी, हें नटास, साथीदारास आणि पिटांतल्या प्रेक्षकासहि सारखेंच ठाऊक. ज्या गाण्याची वाट सर्वांच्या पायाखालची आहे, त्यांत एकानें दुसऱ्यास चुकविण्याचा संभव कमी. म्हणजे सहकार्यास लागणारी पहिली गोष्ट, सर्वांस समान असलेलें भांडवल, किर्लोस्करांनीं चालींच्या निवडींतूनच मिळविली होती.

पुढें तीस वर्षांनीं चित्र पालटलें. १२ मार्च १९११ रोजीं किर्लोस्कर मंडळीनें मुंबईस 'मानापमान' रंगभूमीवर आणलें. नाटक कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचें, चाली गोविंदराव टेंबे यांच्या. भामिनी बालगंधर्व, धैर्यधर नानासाहेब जोगळेकर, लक्ष्मीधर गणपतराव बोडस. टेंब्यांनीं घरोघरच्या चाली बाजूस ठेवून उत्तरेकडील ठुमरी-दादऱ्याच्या आणि ख्यालाच्या बंदिशी पदांखालीं घातल्या. नाट्यसंगीतास त्यामुळें जें वैभव आलें, तें सर्वश्रुतच आहे. परंतु त्याबरोबर एक नवें ओझेंहि आलें. आतां गाण्याची वाट सर्वांच्या ओळखीची राहिली नाहीं. पद कोणत्या रागाचें, ठेका कोणता, मुखडा कोणत्या मात्रेस उचलावयाचा, नट आज आलाप वाढविणार कीं लगेच समेवर येणार, हें सारें साथीदारास क्षणोक्षणीं हेरावें लागूं लागलें. संगीत जों जों श्रीमंत झालें, तों तों संगतीचें काम बिकट झालें. आमच्या मतें मराठी नाट्यसंगीताच्या इतिहासाचें हें एक मुख्य सूत्र आहे.

ज्या गृहस्थानें हें ओझें रंगभूमीवर आणलें, तो स्वतः साथीदार होता, हा कांहीं केवळ योगायोग नव्हे. गोविंदराव टेंबे हे पेटीवाले. भास्करबुवा बखल्यांसारख्या थोर गवयाच्या मागें बसून त्यांनीं पेटीची साथ केली होती. दुसऱ्याचा गळा कोणीकडे वळणार याचा अंदाज घेत, त्याच्या पुढें न धांवतां आणि त्याच्या मागें न रेंगाळतां चालावयाचें, हें शिक्षण त्यांनीं बैठकींत घेतलें होतें. अशा माणसानें दिलेली चाल नटाच्या गळ्यास जशी शोभते तशीच ती साथीदाराच्या हातासहि सोसते. केवळ गवयानें बांधलेल्या चालींत आणि साथीदारानें बांधलेल्या चालींत हा फरक असावयाचाच.

आतां एकत्र गाण्या-वाजविण्यास कोणकोणते गुण लागतात, हें जरा तपशिलानें पाहूं. ही विद्या ग्रंथांतून शिकवीत नाहींत. ती तालमींत शिकतात, आणि म्हणूनच ती लवकर विस्मृतींत जाते.

पहिली गोष्ट सुराची. प्रत्येक गाणाराचा षड्ज निराळा असतो. एकाच्या गळ्यास काळी एक मानवते, तर दुसऱ्याचा गळा काळी चारशिवाय खुलत नाहीं. बैठकींत तंबोरे एकदां जुळविले कीं रात्र निभते. नाटकांत एका नटाचें पद संपून दुसऱ्याचें सुरू झालें कीं साऱ्या साथीची जमीनच बदलते. ऑर्गनवाल्यास आपलीं बोटें नव्या पट्टीवर न्यावीं लागतात. तबलजीस एकाऐवजीं दोन-तीन तबले वेगवेगळ्या सुरांत लावून जवळ ठेवावे लागतात. सारंगियास मधल्या गद्य भाषणाच्या आड हलकेच खुंट्या पिळाव्या लागतात. प्रेक्षक त्या वेळीं नटाचें भाषण ऐकत असतो. साथीदार मात्र एका कानानें भाषण आणि दुसऱ्यानें आपली तार ऐकत असतो. नटास जर या गोष्टीची जाणीव नसेल आणि दोन वाक्यें गाळून तो एकदम पदास हात घालील, तर सगळाच बेरंग व्हावयाचा. म्हणून दुसऱ्याच्या वाद्याची अडचण आपल्यास ठाऊक असणें, हा सहकार्याचा पहिला गुण होय. गाणाऱ्यानें तबला वाजवावा असें नाहीं. पण तो लावावयास किती वेळ लागतो, एवढें तरी त्यानें जाणलें पाहिजे.

दुसरी गोष्ट लयीची आणि खुणांची. रंगभूमीवरील नट साथीदाराकडे पाहूं शकत नाहीं. त्यास भामिनीकडे किंवा धैर्यधराकडे पाहावयाचें असतें. तेव्हां डोळ्यांनीं होणारा सारा व्यवहार कानांनीं करावा लागतो. एखादी तान कोठल्या सुरावर टेकली म्हणजे मुखडा येणार, श्वास किती दीर्घ घेतला म्हणजे पुन्हा आलाप होणार, ही भाषा शब्दांवांचूनची आहे. अनेक दिवस एकत्र राहिल्याशिवाय ती येत नाहीं. नाटकमंडळीच्या बिऱ्हाडांत नट, साथीदार, रंगपट सांभाळणारे आणि आचारी एका पंगतीस जेवत. गांवोगांवीं त्यांचा मुक्काम एकत्र होई. त्या एकत्र राहण्याचा लयीशीं कांहीं संबंध नाहीं असें ज्यास वाटेल, त्यानें कालपर्यंत अनोळखी असलेल्या तबलजीबरोबर एकदां विलंबित एकतालांत गाऊन पाहावें !

तिसरी गोष्ट स्तब्धतेची, आणि आमच्या मतें हीच सर्वांत अवघड. त्या काळच्या संगीत नाटकांत प्रेक्षक एकेका पदास 'वन्स मोअर' देत आणि नाटक रात्रभर चाले. एक नट गात आहे, टाळ्यांचा कडकडाट होत आहे, तेंच पद दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा होत आहे. आणि या साऱ्या वेळांत समोरच्या नटानें काय करावयाचें? त्यानें उभें राहावयाचें. तेंहि कंटाळल्यासारखें नव्हे, हेव्यानेंहि नव्हे, तर त्या पात्राच्या मनांत त्या पदानें जें होईल तें चेहऱ्यावर दाखवीत. गातां येणारा नट दुसऱ्याचें गाणें चाललें असतां जर नुसता आपल्या पाळीची वाट पाहूं लागला, तर नाटकाचा जीव गेलाच म्हणून समजावें. गणपतराव बोडसांसारख्या गद्यनटांची थोरवी याच ठिकाणीं दिसते. अशा नटांनीं मोठमोठ्या गायकनटांच्या समोर उभें राहून नाटकास नाटकपण राखलें; आणि दुसऱ्याच्या गाण्यास ऐकणारा देणें, ही संगीताचीच सेवा आहे.

चौथी गोष्ट शब्द पाळण्याची. हा गुण संगीताचा नव्हे, असें कोणी म्हणेल. परंतु ज्या कामास दहा माणसें लागतात, त्यांत एकाची गैरहजेरी म्हणजे नवांचा नाश. 'मानापमाना'च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशींच बालगंधर्वांची तान्ही मुलगी वारली आणि तरीहि त्यांनीं त्या रात्रीं भामिनीची भूमिका केली, ही हकीकत महाराष्ट्रास ठाऊक आहे. ती बहुधा त्यांच्या रसिकसेवेचें उदाहरण म्हणून सांगतात. आम्हांस तींत आणखी कांहीं दिसतें. प्रयोग बंद ठेवला असता, तर प्रेक्षकांनीं त्यांना खचित क्षमा केली असती. पण नव्या नाटकासाठीं महिनोन्महिने राबलेली सबंध मंडळी रंगपटांत तयार होऊन बसली होती. बाप म्हणून त्यांनीं त्या रात्रीं काय सोसलें, तें आम्ही बोलूं नये. पण सोबत्यांस दिलेला शब्द म्हणजे काय वस्तु असते, हें त्यावरून कळतें. ही अपेक्षा कोणी दुसऱ्यावर लादूं नये, हेंहि येथेंच सांगितलें पाहिजे. असला त्याग ज्याचा त्यानेंच करावयाचा असतो.

असे हे गुण एका मंडळींत वाढीस लागणें समजण्यासारखें आहे. परंतु दोन मंडळ्यांनीं ते एकमेकींशीं कसे वापरावे ? १९१३ सालीं बालगंधर्व, टेंबे आणि बोडस यांनीं किर्लोस्कर मंडळी सोडून गंधर्व नाटक मंडळी काढली. त्याच्या आधींच, १९०८ सालीं, केशवराव भोसल्यांनीं हुबळीस ललितकलादर्शाची स्थापना केली होती. कोल्हापुरास १८९० सालीं जन्मलेल्या केशवरावांनीं बालपणींच 'शारदे'च्या भूमिकेंत नांव मिळविलें होतें. रामकृष्णबुवा वझ्यांची तालीम त्यांस मिळाली होती. 'हाच मुलाचा बाप' आणि 'संन्याशाचा संसार' हीं मामा वरेरकरांचीं नाटकें त्यांनीं रंगभूमीवर आणलीं होतीं. इकडे १९१६ च्या 'स्वयंवरा'स आणि १९२० च्या 'द्रौपदी'स भास्करबुवांच्या चाली लाभून बालगंधर्वांची कीर्ति शिखरास पोंचली होती. दोन्ही मंडळ्या भर जोरांत होत्या. दोघांसहि एकमेकांची गरज नव्हती. गरज असतां केलेलें सहकार्य हा व्यवहार असतो; गरज नसतां केलेलेंच खरें कसोटीस उतरतें.

निमित्त राष्ट्रीय होतें. लोकमान्य टिळक १ ऑगस्ट १९२० रोजीं निवर्तले. त्यांच्या नांवें स्वराज्य फंड उभारून त्यांत एक कोटि रुपये जमवावे, असें १९२१ च्या वसंतांत बेझवाड्यास राष्ट्रसभेच्या महासमितीनें ठरविलें. नाटकमंडळ्यांना हें निमित्त परकें नव्हतें. नारायणराव राजहंसांस लहानपणीं 'बालगंधर्व' हें नांव लोकमान्यांच्या तोंडून मिळालें, अशी सर्वत्र प्रसिद्धि आहे; आणि 'मानापमाना'चे कर्ते खाडिलकर तर लोकमान्यांचे 'केसरी'तले सहकारी. तेव्हां नाटक कोणतें निवडावें, या प्रश्नाचें उत्तर जणूं आधींच लिहून ठेवलेलें होतें. त्यांत श्रीमंत बापाची मानी मुलगी भामिनी एका गरीब शूर सेनापतीचा अपमान करते आणि पुढें वनमालेच्या वेषांत त्याची योग्यता जाणून आपला अभिमान टाकते. मानाच्या गोष्टीवर उभें राहिलेलें हें नाटक, मानासाठीं एरवीं सहज अडून बसूं शकणाऱ्या दोन मंडळ्यांनीं मिळून करावें, हें सुंदरच झालें.

अशा प्रयोगांत काय काय सोडावें लागतें, याचा विचार करावा. दोन मंडळ्या म्हणजे दोन तालीममास्तर, दोन साथीदारांचे संच, दोन रिवाज. एका मंडळींत एखादें पद जलद चालतें, तर दुसरींत तेंच ठाय. एकींत प्रवेशाचा कांहीं भाग गाळतात, दुसरींत तो ठेवतात. जाहिरातींत नांव आधीं कोणाचें, पडद्याजवळचा मान कोणाचा, 'वन्स मोअर' किती घ्यावयाचे, असे प्रश्न वरकरणीं क्षुल्लक असतात. पण मोठमोठीं कामें अशाच प्रश्नांवर फुटलेलीं आम्हीं पाहिलीं आहेत. ज्यास आपल्या मंडळींत कोणी 'नाहीं' म्हणत नाहीं, त्यास एका रात्रीपुरता दुसऱ्याचा 'नाहीं' ऐकून घ्यावा लागतो. शिवाय मिळकतीकडे पाहावयाचें नाहीं. ती तिसऱ्याच कार्यास जावयाची. पैशाचा प्रश्न असा बाजूस काढला गेला, हें त्या प्रयोगाच्या यशाचें एक कारण आहे, असें आम्ही मानतों. एकत्र कामाच्या हिशेबांत संशय शिरला म्हणजे तो सुरांतहि उतरतो.

आणि हें सारें झाल्यावरहि गाणें राहतेंच. केशवरावांचा गळा तडफदार, पल्लेदार, वझेबुवांच्या गायकीच्या अंगानें चालणारा. बालगंधर्वांचा गोड, लडिवाळ, भास्करबुवांच्या तालमीनें मुरलेला. दोघांनींहि आपापला धर्म सोडला असता तर प्रयोग मिळमिळीत झाला असता, आणि दोघेहि केवळ आपल्याच धर्मास चिकटून राहिले असते तर ती दोन मैफलींची एक रात्र झाली असती. धैर्यधर बाणेदार आणि भामिनी मानी, असें नाटकानेंच सांगितलेलें असल्यामुळें त्या दोन गळ्यांमधला भेद तेथें कथेच्या उपयोगी पडला. एकत्र येण्यासाठीं सर्वांनीं सारखें व्हावें लागत नाहीं. निरनिराळें असण्यास योग्य जागा शोधून काढावी लागते. ती जागा शोधणें हेंच अशा कामांत योजकाचें खरें कौशल्य.

येथें एक आक्षेप येण्याजोगा आहे. कोणी म्हणेल, "एका रात्रीचें सौजन्य तें केवढें ! उत्सवापुरतें सगळेच गोड असतात. सहकार्याची परीक्षा वर्षानुवर्षांच्या सहवासांत होते, आणि त्या परीक्षेंत तर आमच्या मंडळ्या वारंवार नापास झाल्या." हा आक्षेप खोटा नाहीं. किर्लोस्कर मंडळी फुटली, गंधर्व मंडळींतून टेंबे थोड्याच वर्षांत बाहेर पडले. मराठी नाटकमंडळ्यांचा इतिहास म्हणजे बराचसा फाटाफुटीचा इतिहास आहे. परंतु त्यावरून आम्ही निराळा निष्कर्ष काढतों. ज्यांनीं एकत्र काम करण्याची विद्या तालमींत कमावली होती, त्यांना ती मालकीच्या आणि हिशेबाच्या क्षेत्रांत नेतां आली नाहीं. रंगभूमीवर एकमेकांचा श्वास ओळखणारे लोक वहीच्या पानावर एकमेकांस ओळखेनासे होत. दोष त्या विद्येचा नव्हता. ती अर्ध्यावरच थांबली, हा दोष होता.

त्या प्रयोगानंतर तीन महिनेहि झाले नाहींत तों, ४ ऑक्टोबर १९२१ रोजीं केशवराव निवर्तले. वय अवघें एकतीस. पुढच्याच वर्षीं एप्रिलांत भास्करबुवाहि गेले. ललितकलादर्श बापूराव पेंढारकरांनीं पुढें चालविलें आणि त्यांच्या मागें भालचंद्र पेंढारकरांनीं त्याचा वारसा राखला. गंधर्व मंडळीच्या साथीस पुढें थिरकवाखांसाहेबांचा तबला आणि कादरबक्षांची सारंगी अशीं मातब्बर माणसें बसलीं. स्वतंत्र वादनानें मैफल जिंकण्याची ज्याची शक्ति, त्या थिरकवाखांनीं नटाच्या पदामागें चार आवर्तनांचा ठेका धरावा, मध्यें एखादी लग्गी टाकून लगेच मागें सरावें, हें दृश्यच एक धडा होता. आपल्यास जेवढें येतें तेवढें सगळें न वाजविणें ही कला फार थोड्यांना साधते.

नंतर काळच बदलला. १९३२ सालीं प्रभात कंपनीचा 'अयोध्येचा राजा' हा बोलपट आला. त्याचें संगीत टेंब्यांचेंच, आणि हरिश्चंद्रहि तेच. १९३३ सालीं नाट्यमन्वंतरानें 'आंधळ्यांची शाळा' रंगभूमीवर आणून पदांची संख्या मोजकी केली आणि केशवराव भोळ्यांच्या चालींनीं तीं प्रसंगास घट्ट बांधलीं. बोलपटांत पुढें मोठमोठे वाद्यवृंद आले. तेथें कोणी किती मात्रा वाजवावें हें कागदावर लिहिलेलें असे आणि एक संचालक हातानें इशारा करी. या पद्धतीचीहि आपली शिस्त आहे आणि तिनें कांहीं अप्रतिम गाणीं दिलीं, हें नाकारण्याचें कारण नाहीं. मैहरास अल्लाउद्दीनखांसाहेबांनीं अनाथ मुलांना जमवून जो वाद्यवृंद उभा केला, त्यानें तर आपल्या रागांनाहि वृंदाची शिस्त मानवते हें दाखवून दिलें. पण कागदाच्या आधारानें एकत्र येणें निराळें आणि कानाच्या आधारानें एकत्र येणें निराळें. पहिल्यांत प्रत्येक जण आपली ओळ पाळतो. दुसऱ्यांत प्रत्येकास दुसऱ्याची ओळ पाळावी लागते.

आज तर एका खोलींत न येतांहि दहा वादकांचें गाणें तयार होतें. प्रत्येकानें आपला भाग निरनिराळ्या दिवशीं ध्वनिमुद्रित करून द्यावा आणि यंत्रानें तो जुळवावा. तंबोराहि यंत्रांतून वाजतो. तो कधीं उतरत नाहीं आणि म्हणून त्याच्याकडे कोणी लक्षहि देत नाहीं. आम्ही यंत्राचे वैरी नव्हों. केशवरावांचा आणि बालगंधर्वांचा आवाज आज आम्हांस ऐकूं येतो, तो ध्वनिमुद्रिकांच्याच कृपेनें. परंतु त्या जुन्या तबकड्या ऐकतांना आम्ही अलीकडे एक गोष्ट मुद्दाम करतों. गाणाऱ्याचा गळा क्षणभर बाजूस ठेवून त्याच्या मागें पेटी, सारंगी आणि तबला काय करीत आहेत, तें ऐकतों. कित्येक तबकड्यांवर त्या वाजविणारांचें नांवहि नाहीं. पण गळा वर चढूं लागला कीं पेटी कशी अंग चोरते, समेच्या आधीं तबला किती बेताचा होतो, हें ऐकूं येऊं लागतें; आणि मग तें गाणें एकट्याचें वाटत नाहीं.

संगीत शिकविणाऱ्या संस्थांनीं हें ध्यानांत घ्यावें, अशी आमची विनंती आहे. विद्यार्थ्यांस राग, ताल, तानपलटे सर्व शिकवितात. परीक्षा मात्र एकेकट्याची घेतात. त्यास दुसऱ्याची साथ करावयास लावावी, दुसऱ्याच्या पट्टींत गावयास लावावें, आणि दुसऱ्याचें गाणें चाललें असतां तो काय करतो याचेहि गुण द्यावे. गवयास तबल्याच्या आणि तबलजीस गवयाच्या जागेवर महिनाभर बसवावें. यांतून थोर कलावंत निपजतील अशी हमी आम्ही देत नाहीं. पण निदान एकमेकांस ऐकणारे कलावंत निपजतील.

कोल्हापुरास केशवराव भोसल्यांच्या नांवाचें नाट्यगृह आहे. २०२४ च्या ऑगस्टांत, त्यांच्या जन्मदिवसाच्या आदल्याच रात्रीं, तें आगींत जळालें, तेव्हां साऱ्या महाराष्ट्रास चटका बसला. पुण्यास बालगंधर्वांच्या नांवाचें रंगमंदिर १९६८ पासून उभें आहे. दोन शहरांत दोघांचीं दोन स्मारकें झालीं, हें उचितच. परंतु त्या जुलैच्या रात्रीं दोघांच्या पदांमागें ज्यांनीं खुंट्या पिळल्या, तबले उतरविले आणि चढविले, पडद्यामागून वेळ सांगितली, त्यांची आठवण ठेवण्यास इमारतीची गरज नाहीं. पुढच्या खेपेस दोन गवई एकत्र बसतील, तेव्हां 'सरस कोण ?' हें विचारण्याआधीं त्यांनीं एकमेकांस किती ऐकलें, एवढें आम्हीं श्रोत्यांनीं पाहिलें, तरी पुरे आहे.